मीटिंगला न आलेल्यांचं काय?

पीएचडीची तयारी करताय ना? मग आज एक गाजलेला रिव्ह्यू जरा टोकरून बघू. विषय अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए. दारू सोडलेली माणसं आणि सोडू पाहणारी माणसं एकत्र बसतात, आपापला अनुभव सांगतात. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. आपल्याकडे १९८६ पासून पुण्याच्या मुक्तांगणमध्येही व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे इतरांना हात देतात.

२००६ च्या कॉक्रेन रिव्ह्यूने म्हटलं, एएचा परिणाम निःसंशय सिद्ध करणारा अभ्यास सापडला नाही. लोकांनी त्याचं केलं, 'एएचा उपयोग होत नाही'. ही पहिली चूक. पुरावा न सापडणं वेगळं आणि उपयोग नसल्याचा पुरावा सापडणं वेगळं.

२०२० मध्ये केली, हम्फ्रीज आणि फेरी यांनी नवा रिव्ह्यू केला. २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. वर्षभरानंतर एएकडे नेणाऱ्या उपचारातले ४२ टक्के पूर्ण दारूमुक्त होते, इतर उपचारांतले ३५ टक्के. मग लगेच उलटी घोषणा झाली, 'एएच सर्वोत्तम'. थांबा.

या ४२ आणि ३५ मागे तपासलं काय ते आधी बघा. नुसती मीटिंग नाही. प्रशिक्षित समुपदेशक ठरलेल्या पद्धतीने रुग्णाला मीटिंगपर्यंत नेतो, तो कार्यक्रम तपासला. स्वतःहून दार ढकलून येणारा माणूस यात नाही.

आता मोजलं कोणाला? ४२ आणि ३५ हे आकडे २७ नाही, फक्त दोन अभ्यासांतून आलेत. १,९३६ माणसं, दोन्ही अभ्यास अमेरिकेतले. लोणंदच्या कांदा बाजारात पाठीवर गोणी वाहणारा हमाल डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी मीटिंग साताऱ्याला असेल, तर जायचं कसं आणि परत यायचं कसं? एका दिवसाचा रोजगार बुडाला तर घरी काय सांगायचं? रिव्ह्यू खोटा ठरत नाही, पण त्याचा आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि उरलेले ५८ टक्के? मीटिंगला यायचा बंद झालेल्याबद्दल आपण पटकन म्हणतो, 'त्याची इच्छाच नव्हती.' हा निष्कर्ष नाही, हा शिक्का आहे. तो एकदा बसला की घरचेही हात टेकतात.

मीही इथेच घसरले होते. माझ्या पहिल्या आराखड्यात फक्त नियमित येणाऱ्यांच्या मुलाखती होत्या. गाईडनी विचारलं, "गोणीच्या तोंडावरचे कांदे बघून भाव लावतेस का?" लोणंदच्या पोरीला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा तुमच्या आराखड्यात तीन गोष्टी आधीच लिहा. किती जण आले, किती गळाले, गळालेल्यांपर्यंत त्यांच्या संमतीने कसं पोचणार. एएमध्ये नाव गुप्त राहतं, त्यामुळे हे सोपं नाही. बंद मीटिंग फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी असते. वही घेऊन तिथे घुसू नका. खुल्या मीटिंगला जा, आधी परवानगी घ्या, आणि ऐका.

गळालेल्यांना विचारायचं असेल तेव्हा 'का सोडलंत?' असं नको. 'यायला काय आड आलं?' असं विचारा. उत्तर बदलतं, बघा.