मॉर्मनचा ग्रंथ, बायबल आणि भूमीची साक्ष

धर्मग्रंथांची परीक्षा इतिहास-भूगोलाच्या कसोटीवर करावी काय, हा प्रश्न निघाला म्हणजे दोन उत्तरे ठरलेली असतात. श्रद्धाळू म्हणतो, श्रद्धेच्या प्रांतात फावड्या-कुदळीचे काय काम? चिकित्सक म्हणतो, जे उत्खननात सापडत नाही ते घडलेच नाही. आम्हांस ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. जो ग्रंथ केवळ भक्ती, नीती किंवा तत्त्वविचार सांगतो, त्याच्याकडे नगरांचे अवशेष मागणे अप्रस्तुत होय. परंतु अमुक राजाच्या कारकीर्दीत, अमुक नगरातून, अमुक लोक निघाले व अमुक भूमीत जाऊन वसले, असे जो ग्रंथ प्रतिज्ञेवर सांगतो, त्याने परीक्षेचे निमंत्रण स्वतःच दिलेले असते. बायबल आणि मॉर्मनचा ग्रंथ हे दोन्ही या दुसऱ्या जातीचे आहेत. म्हणूनच त्यांची तुलना उद्बोधक ठरते.

मॉर्मन पंथाचे काही प्रचारक १८५०च्या दशकात मुंबई-पुण्यापर्यंत येऊन गेले. तथापि त्यांच्या ग्रंथाचा परिचय आपल्याकडे फारसा झाला नाही. यास्तव त्याची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. जोसेफ स्मिथ (१८०५-१८४४) या अमेरिकेतील तरुणाने असे जाहीर केले, की मोरोनी नामक देवदूताने न्यूयॉर्क प्रांतातील एका टेकडीत पुरलेले सुवर्णपत्रे आपणांस दाखविले आणि त्यांवरील ‘सुधारित इजिप्शियन’ लिपीतील मजकुराचे भाषांतर आपण दैवी साहाय्याने केले. हे भाषांतर १८३० साली पाल्मायरा या गावी छापले गेले. लेही नावाचा सत्पुरुष इ.स.पूर्व ६००च्या सुमारास, यहुदाचा राजा सिद्कीया याच्या कारकीर्दीत, यरुशलेम सोडून कुटुंबासह अरबस्तानातून समुद्रकाठी येतो आणि नौकेने नव्या भूमीस पोचतो. त्याच्या वंशात नेफाइट व लॅमनाइट अशा दोन शाखा होतात; पुनरुत्थित ख्रिस्त त्या भूमीत दर्शन देतो; आणि अखेर इ.स.च्या चौथ्या शतकाच्या शेवटी क्युमोरा टेकडीपाशी नेफाइटांचा संहार होतो. ही भूमी अमेरिका होय, असे पंथाचे म्हणणे आहे.

आता परीक्षेच्या पायऱ्या अगोदर ठरवू. पहिली पायरी अशी, की हा ग्रंथ प्राचीन काळी अस्तित्वात होता याला पुरावा आहे काय? दुसरी, त्यातील स्थळे भूमीवर दाखविता येतात काय? तिसरी, त्यातील व्यक्तींची नावे परकीय साधनांत आढळतात काय? चौथी, त्यातील घटना तशाच घडल्या काय? आणि पाचवी, त्या घटनांमागे ईश्वराचा हात होता काय? या पायऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. एक चढली म्हणजे पुढची आपोआप चढली असे होत नाही. या विषयावरील बहुतेक वादांत घोटाळा होतो तो येथेच.

प्रथम बायबल घेऊ. १९४७ साली मृत समुद्राजवळील कुमरान येथील गुहेत जी गुंडाळी-हस्तलिखिते सापडू लागली, त्यांत यशयाच्या ग्रंथाची जवळजवळ संपूर्ण प्रत आहे. तिचा काळ इ.स.पूर्व दुसरे शतक मानतात. तोपर्यंत उपलब्ध असलेल्या प्रमुख हिब्रू पोथ्यांहून ती सुमारे एक हजार वर्षांनी जुनी आहे. पहिली पायरी बायबलाने अशी चढली. दुसरीविषयी फारसा वादच नाही. यरुशलेम, हेब्रोन, बेथलेहेम, दमास्कस ही नगरे आजही वसलेली आहेत. एडवर्ड रॉबिन्सन याने १८३८ साली पॅलेस्टाइनमध्ये हिंडून स्थानिक अरबी ग्रामनामांत दडलेली अनेक जुनी नावे ओळखून दाखविली.

तिसऱ्या पायरीवरची साधनेही थोडी नाहीत. मवाबचा राजा मेशा याचा १८६८ साली उजेडात आलेला शिलालेख इस्राएलच्या अम्री राजाचे नाव घेतो. १९९३ साली तेल दान येथे सापडलेल्या अरामी लेखात दाविदाच्या घराण्याचा उल्लेख आहे. बाबिलोन येथील मृत्तिकापट्टांत कैदेतील यहोयाखीन राजास दिल्या जाणाऱ्या तेलाची मोजदाद आहे. १९६१ साली कैसरिया येथे पंतय पिलाताच्या नावाचा दगड निघाला.

येथे थांबून बायबलाचा जयघोष करणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तो मार्ग मान्य नाही, कारण चौथ्या पायरीवर चित्र पालटते. इ.स.पूर्व ७०१ मधील अश्शूरी स्वारीचेच उदाहरण घ्या. हिज्कीया राजाने सन्हेरीबास खंडणी दिली असे बायबल सांगते, व सन्हेरीबाचा स्वतःचा लेखही तेच सांगतो. सोन्याचा आकडा दोहोंकडे तीस किक्कार असा एकच आहे. रुप्याचा मात्र बायबलात तीनशे तर अश्शूरी लेखात आठशे आहे. यरुशलेम जिंकल्याचा दावा सन्हेरीब करीत नाही. पण देवदूताने एका रात्रीत त्याचे सैन्य मारले, ही कथाही त्याच्या लेखात नाही. म्हणजे घटना खरी, तपशील वादग्रस्त आणि अर्थ ज्याचा त्याचा.

काही ठिकाणी तर साक्ष उघड विरुद्ध जाते. १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी यरीहो येथे उत्खनन केले, तेव्हा यहोशवाच्या स्वारीचा जो काळ धरला जातो त्या काळचे कोसळलेले कोट तेथे मिळाले नाहीत. इस्राएलांच्या निर्गमनाची नोंद इजिप्तच्या लेखांत आढळलेली नाही. दानीएलाच्या ग्रंथात बेलशस्सर हा नबुखद्नेस्सराचा पुत्र म्हटला आहे; बाबिलोनी लेखांवरून तो नबोनिदसाचा पुत्र ठरतो. हेरोद राजा इ.स.पूर्व ४ मध्ये वारला असे बहुतेक इतिहासकार मानतात, तर लूक ज्या क्विरिनियसचे नाव घेतो त्याची ज्ञात शिरगणती इ.स. ६ मधली आहे. सारांश, बायबल हा एकसंध इतिहास नव्हे. अनेक शतकांत अनेक हातांनी झालेला तो संग्रह आहे, आणि त्याची ऐतिहासिक किंमत पुस्तकापुस्तकागणिक वेगळी करावी लागते.

आता मॉर्मनच्या ग्रंथाकडे वळू. येथे अडचण पहिल्याच पायरीवर येते. सुवर्णपत्रे देवदूताने परत नेले असे सांगतात. ते पाहिल्याची अकरा जणांची साक्ष ग्रंथास जोडलेली आहे. पण पत्रे मात्र नाहीत. मूळ हरवले एवढ्यावरून ग्रंथ खोटा ठरतो काय? मुळीच नाही. बायबलाच्याही मूळ प्रती आज नाहीत. आपल्या घरचेच उदाहरण द्यावयाचे तर फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाची १६१६ सालची गोव्यातील छापील प्रत आज उपलब्ध नाही. पण त्याच्या हस्तलिखित प्रती त्याच भाषेत आहेत आणि त्या भाषेचा काळ भाषाशास्त्रज्ञ पारखू शकतात. मॉर्मनच्या ग्रंथाची १८३० पूर्वीची, मूळ भाषेतील एकही प्रत, एकही तुकडा, एकही परकीय उल्लेख नाही. आहे ते इंग्रजी, आणि तेही १६११ च्या इंग्रजी बायबलाच्या वळणाचे. त्यात यशयाची अनेक प्रकरणे जवळजवळ जशीच्या तशी आली आहेत. त्यांपैकी काही प्रकरणे बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळातली, म्हणजे लेहीने यरुशलेम सोडल्यानंतरची आहेत, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. मग ती लेहीच्या कुटुंबाने बरोबर कशी नेली?

दुसऱ्या पायरीवर, अरबस्तानापुरती, समर्थकांच्या बाजूची एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. लेहीच्या प्रवासात ‘नाहोम’ या दफनस्थळाचा उल्लेख येतो. आणि येमेनमधील मारिब येथील देवळात सापडलेल्या, इ.स.पूर्व सातव्या-सहाव्या शतकांच्या सुमाराच्या वेदींवर ‘न-ह-म’ या अक्षरांनी दर्शविलेले कुलनाम आढळते. हा योगायोग लक्षणीय आहे. तथापि त्या लिपीत स्वर लिहिलेले नाहीत, आणि तीन व्यंजनांच्या जुळणीवर सबंध ग्रंथाचा भार टाकणे धाडसाचे होय.

नौका अमेरिकेस लागली, की मात्र भूमी हाताखालून निसटते. ग्रंथातील नगरांपैकी एकही निर्विवादपणे ओळखले गेलेले नाही. प्रारंभी उभे अमेरिका खंड ही त्याची रंगभूमी समजली जाई. पुढे ती आखडत गेली आणि जॉन सोरेन्सन यांनी १९८५ साली ती मेक्सिकोतील तेवांतेपेकच्या संयोगभूमीभोवती बसविली. मग न्यूयॉर्कमधील टेकडीचे काय? तर क्युमोरा दोन होत्या, असे उत्तर मिळते. ग्रंथात अमेरिकेत घोडे, रथ, गहू व पोलाद येतात. तेथील घोडा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नष्ट झाला होता व स्पॅनिश लोकांनी तो पुन्हा नेला; मध्य अमेरिकेत चाकांची खेळणी सापडली, पण चाकांचे वाहन नाही; लोखंड गाळण्याची विद्या तेथे नव्हती. ‘बार्ली’ हा शब्द मात्र सर्वस्वी निराधार नाही. त्या वर्गातील एक स्थानिक धान्य प्राचीन अमेरिकेत लावले जात होते, हे आता सिद्ध आहे.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की पुरावा न मिळणे हा अभावाचा पुरावा नव्हे. तर्काच्या दृष्टीने हे ठीक आहे, पण ते मुक्या भूमीला लागू पडते. मध्य अमेरिका आज मुकी राहिलेली नाही. क्नोरोझोव्ह यांनी १९५२ पासून व प्रोस्कुरियाकोव्ह यांनी १९६० मध्ये दाखविलेल्या वाटेने माया लेखांचे वाचन झाले. राजे, लढाया, राज्यारोहणाच्या तिथी, सर्व वाचता येऊ लागले. पालेंकेचा राजा पाकाल ६८३ साली वारला हेही आपणांस कळले. एवढी भूमी बोलली, पण हिब्रू वा इजिप्शियन लिपीचा लेख किंवा नेफाइटांचे नाव तिने उच्चारले नाही. खुद्द पंथाच्या साहाय्याने काम करणाऱ्या, १९५२ साली स्थापन झालेल्या पुरातत्त्व-प्रतिष्ठानाने चियापासमध्ये मोलाचे उत्खनन केले. परंतु त्याचे संस्थापक थॉमस फर्ग्युसन यांची ग्रंथाच्या ऐतिहासिकतेवरील श्रद्धा अखेर या शोधातच ढळली. मूळ अमेरिकनांचे पूर्वज मुख्यतः ईशान्य आशियातून आले, हे आनुवंशिक अभ्यासाने ठरल्यावर ग्रंथाच्या प्रस्तावनेतील ‘प्रमुख पूर्वज’ ही शब्दयोजनाही २००६ च्या आवृत्तीपासून सौम्य करण्यात आली.

भाषांतरकाराच्या कौशल्याची परीक्षा दुसऱ्या एका प्रकरणी घेता आली. स्मिथने १८३५ साली विकत घेतलेल्या पपायरसांवरून ‘अब्राहामाचा ग्रंथ’ तयार केला. त्यांतील काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातून १९६७ साली पंथास परत मिळाले. इजिप्तविद्येच्या जाणकारांनी ते वाचले, तेव्हा ते मृतांच्या संस्कारविधीचे, अब्राहामाच्या रूढ काळाहून कितीतरी अलीकडचे मंत्रपाठ निघाले. मूळ साहित्य अन्य पत्रांवर होते, असे काही समर्थक म्हणतात; पण जे तपासता आले त्याचा निकाल असा आहे.

मग निर्णय काय? बायबल खरे आणि मॉर्मनचा ग्रंथ खोटा, असा सोपा निवाडा आम्ही देत नाही, कारण ‘खरे’ हा शब्द पाचही पायऱ्यांना एकदम लावता येत नाही. बायबल हे प्राचीन भूमीत प्राचीन लोकांनी घडविलेले वाङ्मय आहे, हे सिद्ध आहे. त्यातील चमत्कार त्यामुळे सिद्ध होत नाहीत. पिलाताच्या नावाचा दगड पिलाताचे अस्तित्व सांगतो, पुनरुत्थानाविषयी काही सांगत नाही. मॉर्मनचा ग्रंथ प्राचीन अमेरिकेचा इतिहास म्हणून टिकत नाही. परंतु १८३० च्या अमेरिकेचे वाङ्मय म्हणून तो दुर्लक्षणीय नाही. नव्या खंडात आलेल्या, मुळे तुटलेल्या समाजास आपल्या पायाखालच्या मातीलाही पवित्र इतिहास असावा, ही जी तहान लागली होती, तिचा तो ग्रंथ साक्षी आहे. त्या अर्थाने त्यालाही भूमीची साक्ष आहे, पण ती पाल्मायराच्या भूमीची.

ही तहान केवळ अमेरिकेचीच नाही, हे आम्ही शिक्षकांनी विसरू नये. इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनी रावणाची लंका अमरकंटकच्या परिसरात शोधली, व पुढे सांकलियांसारख्या साक्षेपी पुरातत्त्वज्ञानेही ती मध्य भारतातच मानली, तेव्हा अनेकांची मने दुखावली. रामकथेची थोरवी लंकेच्या अक्षांश-रेखांशांवर अवलंबून आहे असे ज्यांना वाटले, ते दुखावणारच. दुसऱ्याच्या ग्रंथास लावलेली मोजपट्टी आपल्या ग्रंथापाशी येताच लपवून ठेवणे, हे विद्वत्तेचे लक्षण नव्हे. आणि ती मोजपट्टी काव्यालाही लावून काव्य मोजले असे समजणे, हे रसिकतेचे लक्षण नव्हे. वर्गात विद्यार्थी विचारील, “गुरुजी, हे खरेच घडले काय?” तेव्हा त्याला गप्प करू नये, की हसू नये. कोणत्या पायरीविषयी विचारतोस, असे त्यालाच विचारावे. एवढा विवेक त्याच्या मनात जागा झाला, तर या तुलनेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.