पोशिंदा आणि सीरी

आमच्या महाविद्यालयात 'शेतकरी : जगाचा पोशिंदा' या विषयावर वक्तृत्व स्पर्धा झाली. परीक्षकांत मी होतो. मुलांनी बळीराजाला वंदन केले, शहरांना कृतघ्न ठरवले. शेवटी एका मुलीने विचारले, 'माझी आई गहू सोंगायला जाते आणि घरी रेशनचा गहू आणते. ती पोसणारी की पोसलेली?' तिला बक्षीस मिळाले नाही. विषयांतर झाले असे आम्ही ठरवले. त्या निकालावर माझीही सही आहे.

वास्तविक विषयावर बोलली ती एकटीच. शरद जोशी यांची 'भारत विरुद्ध इंडिया' ही मांडणी १९८० नंतर आपल्याकडे रुजली. शेतमालाचे भाव पाडून खेड्यांना लुटले जाते, हे तिच्यातले म्हणणे मी खोटे मानत नाही. पण तिच्यातला 'भारत' अखंड आहे. बागायतदार आणि सालगडी तिथे एकाच पंगतीला बसलेले असतात. ज्याला धान्य विकत घ्यावे लागते त्याला भाववाढ आधी ताटात कळते. मजुरीत ती उतरते केव्हा? (आपल्या ग्रामीण साहित्याने या पंगतीला किती वर्षे वाढले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

देशाचे कोठार म्हणून ज्या पंजाबचा गौरव होतो, तिथे हे उघडे दिसते. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, हरितक्रांती आली, आणि पंजाबचा गहू-तांदूळ सरकारी खरेदीतून तुटीच्या राज्यांत, महानगरांत, रेशन दुकानांत जाऊ लागला. २०११ च्या जनगणनेनुसार त्या पंजाबात सुमारे ३२ टक्के लोक अनुसूचित जातींचे आहेत. जमिनीतला त्यांचा वाटा मात्र अगदी तुटपुंजा. गावच्या सामाईक शेतजमिनीपैकी एक तृतीयांश त्यांनाच खंडाने द्यायची, असा नियम आहे. बोली दलिताच्या नावाची आणि पीक जमीनदाराचे, असा प्रकार तिथे चालत आला. २०१४ पासून संगरूर भागातले दलित त्याविरुद्ध लढत आहेत.

या पंजाबचा कवी संतराम उदासी. मजहबी शीख कुटुंबात १९३९ साली जन्मलेला. १९८६ साली नांदेडच्या हजूरसाहिबहून परतताना तो रेल्वेतच वारला. त्याच्या एका गाजलेल्या गीतात धान्याच्या राशीपाशी जाट शेतकरी आपल्या सीरीच्या, म्हणजे सालगड्याच्या, गळ्यात पडून रडतो. कर्जाने नागवलेल्या मालकाचे हे दुःख मजुराच्या घरातून आलेल्या कवीने गायले आहे. समीक्षक याला शेतकरी-मजूर ऐक्याचे गीत म्हणतात. मला त्यात मजुराचे औदार्य दिसते, आणि औदार्य एकाच बाजूने असले तर त्याला ऐक्य कसे म्हणावे?

जून २०२० मध्ये टाळेबंदीमुळे परप्रांतीय मजूर पंजाबात पोहोचले नाहीत, भातलावणीची मजुरी चढली. तेव्हा अनेक गावांत ठराव झाले : अमुक दरापेक्षा जास्त द्यायची नाही. काही ठिकाणी बहिष्काराची धमकी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात पंजाबचे शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले. तिन्ही कायदे २०२१ साली मागे घेतले गेले, ते योग्यच झाले. सरकारी खरेदी मोडली असती तर पहिली रिकामी झाली असती ती रेशनची पिशवी. सीरीला हे कळत होते, म्हणून मजूर संघटनाही त्या लढ्यात उतरल्या. मजुरीच्या ठरावांविषयी मात्र 'अन्नदाता' म्हणून गौरव करणाऱ्या आपल्याकडच्या अग्रलेखांत मला एक ओळ सापडली नाही.

त्या मुलीकडे मी वार्षिकांकासाठी लेख मागितला आहे. विषय तिने ठरवायचा.