समान घटक, भिन्न लिपी : ‘कोडेक्स’ची चिकित्सा
विकिपीडिया, विक्शनरी, विकिस्रोत आदी विकिमीडिया परिवारातील संकेतस्थळांसाठी बटणे, रकाने, सूचनापट्ट्या यांचा ‘कोडेक्स’ हा सामाईक घटकसंच ‘ओओयूआय’ या जुन्या संचाच्या जागी विकसित करण्यात आला. एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्वत्र पोहोचते, हे अशा संचाचे बलस्थान होय. मात्र चूकही तितक्याच सहजतेने सर्वत्र पोहोचते. देवनागरीत वेलांटी व रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात. केवळ रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेला रकाना त्यांना अपुरा पडतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाच्या दृष्टीने हा प्रश्न सौंदर्याचा नसून वाचनीयतेचा आहे. म्हणूनच घटकसंचाची खरी कसोटी एकरूपता नव्हे, तर लिपिभेद सामावून घेण्याची क्षमता ही होय. मराठी मजकुरावरील चाचणी ही रचनेच्या अखेरची औपचारिकता न राहता आरंभीची अट ठरणे आवश्यक आहे.