मनोबोध आणि मनाची चिकित्सा

मराठी सुशिक्षितांच्या सभेत मानसशास्त्राचा विषय निघाला, की एक विधान हमखास कानी पडते. विचार पालटून मन निरोगी करण्याची जी पद्धती पाश्चात्त्यांनी अलीकडे शोधून काढली म्हणतात, ती आमच्या समर्थांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवली आहे, असे ते विधान होय. ते ऐकून श्रोत्यांस समाधान वाटते, आणि त्या समाधानातच विषय संपतो. आमची तक्रार या समाधानाविषयी आहे. शाळेतील एखादे मूल दोन-दोन महिने खिन्न होऊन बसते, तेव्हा ‘हे सर्व आमच्याकडे आहेच’ या वाक्याचा त्यास काडीचाही उपयोग होत नाही. म्हणून जे आमच्याकडे आहे ते नेमके काय, आणि जे नाही ते कोणते, याची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

प्रारंभ शब्दापासून करू. आम्ही उज्जयिनीकर मराठी माणसे दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहतो. या उपचारास हिंदीत ‘संज्ञानात्मक व्यवहार चिकित्सा’ म्हणतात. मराठी कानास यांतील दोन शब्द चकवतात. हिंदीतील ‘व्यवहार’ म्हणजे वर्तन. आमचा व्यवहार देण्याघेण्याचा. हिंदीतील ‘चिकित्सा’ म्हणजे औषधोपचार. वैद्यकातील तो अर्थ मराठीसही ठाऊक आहे. परंतु आमच्या बोलण्यात चिकित्सा म्हणजे बारकाईने केलेली छाननी, आणि चिकित्सक म्हणजे पुराव्यावाचून काही न मानणारा मनुष्य. योगायोग असा, की या पद्धतीचे मर्म हिंदी अर्थापेक्षा मराठी अर्थातच अधिक नेमके उतरले आहे. येथे छाननी हाच उपचार आहे.

या विद्येचे दोन प्रवर्तक मानले जातात. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस (1913–2007) यांनी 1955 च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ पद्धती मांडली. फिलाडेल्फियाचे ॲरन बेक (1921–2021) हे मूळचे मनोविश्लेषणाच्या परंपरेतील. खिन्नता म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हे फ्रॉइडचे मत पडताळून पाहण्यासाठी त्यांनी रुग्णांच्या स्वप्नांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांस रागाऐवजी हानीची आणि पराभवाची चित्रे आढळली. रुग्णाच्या मनात क्षणोक्षणी आपोआप उमटणारे काही विचार असतात, ते तो तपासून न पाहता खरे मानतो, आणि त्यांतून त्याची खिन्नता पोसली जाते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. खिन्नतेवरील त्यांचा सहकाऱ्यांसह लिहिलेला प्रमाणग्रंथ 1979 मध्ये प्रसिद्ध झाला.

सिद्धान्त थोडक्यात असा. घटना आणि भावना यांच्यामध्ये घटनेचा आपण लावलेला अर्थ उभा असतो. चाचणीत दहा गुण कमी पडले, ही घटना. ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’, हा अर्थ. त्यातून येणारी निराशा ही भावना, आणि दुसऱ्या दिवशी शाळा चुकविणे हे वर्तन. वर्तनामुळे अभ्यास आणखी मागे पडतो आणि मूळचा अर्थ अधिकच खरा वाटू लागतो. हे चक्र कोठे तरी तोडावयाचे असते. एलिस यांनी या अर्थांच्या मुळाशी असलेला हट्ट दाखविला. मराठी व्याकरण शिकविणाऱ्यास तो एका अक्षरात सांगता येईल. ‘मला पहिला क्रमांक मिळाला तर बरे’ ही इच्छा झाली. ‘मिळालाच पाहिजे’ हा हट्ट झाला. त्या ‘च’मध्ये अर्धे दुःख साठविलेले असते.

आता समर्थांकडे वळू. मनाच्या श्लोकांची संख्या 205. त्यांत कवी मनास समोर बसवून त्याच्याशी बोलतो. मन म्हणजे मी नव्हे, त्यास वेगळे काढून पाहता येते, त्याची समजूत घालता येते, ही दृष्टी त्या रचनेच्या घडणीतच आहे. भुजंगप्रयाताची ठाम चाल तिला अशी लाभली आहे, की पाठांतर हीच एक साधना होऊन बसते. येथपर्यंत साम्य आहे आणि ते थोडेथोडके नाही. एलिस यांनीही आपले ऋण एपिक्टीटस या प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञाकडे मान्य केले होते; तेव्हा जुन्या मनोबोधाशी या विद्येचे नाते जोडण्यात काही वावगे नाही.

परंतु साम्य संपते तेथे भेद सुरू होतो, आणि तो तीन प्रकारचा आहे. पहिला भेद वाक्यरचनेचा. मनोबोधाचे मुख्य वाक्य आज्ञार्थी आहे, उपचाराचे मुख्य वाक्य प्रश्नार्थी. ‘असा विचार करू नको’ असे उपचारक म्हणत नाही. ‘हे तू कशावरून म्हणतोस, याच्या उलट काही पुरावा आहे काय, तुझ्या मित्रावर हा प्रसंग आला असता तर तू त्यास काय सांगितले असतेस’, असे तो विचारतो. दुसरा भेद प्रामाण्याचा. श्लोकाचे प्रामाण्य संताच्या अनुभवात असते, तर उपचारात रुग्णाचा विचार हे पडताळून पाहावयाचे एक अनुमान असते, आणि पडताळणी रुग्णानेच करावयाची असते. तिसरा भेद साध्याचा. समर्थांचा विवेक नित्य आणि अनित्य यांचा निवाडा करून मनास भक्तीकडे नेतो. एलिस यांचा विवेक मनुष्यास त्याच्या नोकरीत, संसारात आणि शाळेत परत नेतो. ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द मराठीस सुदैवाने आयता मिळाला. पण त्याच्यामागे चालत आलेला वेदान्ताचा सुगंध वाचकास पुष्कळदा भलत्या दाराशी नेऊन सोडतो.

या भेदांमुळे समर्थांस उणेपणा येत नाही. त्यांनी रोगचिकित्सेचा ग्रंथ लिहिण्याची प्रतिज्ञा केलीच नव्हती. शिवाय मनास आज्ञा करणाऱ्या याच कवीने करुणाष्टकांत आपली व्याकुळताही उघडी केली आहे. आज्ञा आणि आक्रंद एकाच लेखणीतून उतरले, हे विसरून केवळ आज्ञेचे पाठांतर करविणारा शिक्षक समर्थांचेही अर्धेच वाचन करतो. खिन्न मुलापुढे नुसती आज्ञा ठेवली, तर ‘मी खंबीर असलेच पाहिजे’ असा आणखी एक ‘च’ त्याच्या माथी बसतो.

उज्जयिनीत भर्तृहरीची गुंफा दाखविली जाते, आणि वामनपंडितांनी त्याची शतके मराठीत आणली आहेत. भ्रमनिरास झालेल्या राजाने राज्यच टाकून दिले, ही आख्यायिका आम्हां सर्वांस प्रिय आहे. एका कटू अनुभवावरून सर्व संसारच असार ठरविणे हे काव्यात भव्य दिसते. उपचारक मात्र त्यास अतिव्यापक अनुमान म्हणेल. दोघांचे क्षेत्र निराळे आहे. पण वैराग्यशतकाचा रस घेणाऱ्या वाचकाने वैराग्य आणि विषाद यांतील सीमारेषा ओळखावी, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

या विद्येला मराठीत आणण्याचे श्रेय थोडक्या मंडळींस आहे. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली. डॉ. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकात एलिस यांच्या जीवनाला कथनाचे रूप दिले. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘विषादयोग’ हे गीतेतील नाव आपल्या पुस्तकास देऊन अर्जुनाच्या खिन्नतेशी या विचाराचा सांधा जोडला. ही निवड आम्हांस मार्मिक वाटते, कारण अर्जुनाचे समाधान आज्ञेने झालेले नाही, प्रदीर्घ प्रश्नोत्तराने झाले आहे. याउलट ‘सकारात्मक विचार करा’ असे घोकविणारी जी पुस्तके बाजारात ढिगाने मिळतात, ती या विद्येची नव्हेत. उपचाराचा आग्रह गोड विचारावर नसून यथार्थ विचारावर असतो.

दुसराही एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही विद्या केवळ बोलण्याची नाही. नावातील वर्तन हा शब्द शोभेचा नाही. विचारांची वही ठेवणे, भीती वाटणाऱ्या गोष्टीस पायरीपायरीने सामोरे जाणे, सुटलेली कामे थोडीथोडी पुन्हा हाती घेणे, हा तिचा गृहपाठ. किंबहुना हा वर्तनाचा भागच एकटा किती गुणकारी ठरतो, याचे प्रमाण गोव्यात मिळाले. ‘संगाथ’ या संस्थेने तेथील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत सामान्य प्रशिक्षित समुपदेशकांकडून तीव्र खिन्नतेच्या रुग्णांना 6 ते 8 बैठकांचा असा उपचार दिला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी 64 टक्के खिन्नतेतून बाहेर आले होते, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. पुढे आमच्या मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांनाही हीच पद्धती शिकविण्यात आली. मोठ्या पदव्यांवाचूनही ही विद्या शिकता येते, मात्र ती शिकावी लागते, हा याचा अर्थ.

साहित्याच्या बाजूने एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. सर्व दुःख म्हणजे विचारांतील चूक काय? दुष्काळाने घर उद्ध्वस्त झालेल्या तुकोबांचे दुःख तर्कदोषातून आले नव्हते. याच नगरीत शिकलेले आणि शिकविलेले मराठीभाषी हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांची अस्वस्थता कोणी बरी केली असती, तर हिंदी कविता दरिद्री झाली असती. आक्षेपाचे उत्तर एलिस यांच्याच विवेचनात आहे. दुःख आणि खिन्नता, काळजी आणि चिंताग्रस्तता, यांत ते भेद करतात. हानी झाल्यावर दुःख होणे निरोगीपणाचेच लक्षण आहे. मनुष्यास निष्क्रिय करणारी खिन्नता तेवढी रोगट. तुकोबा आणि मुक्तिबोध दुःखातून काम करीत राहिले. तथापि आक्षेपाचा एक अंश शिल्लक राहतोच. अन्याय सोसणाऱ्यास केवळ त्याचे विचार तपासावयास सांगणारा उपचारक अन्यायाचा सोबती होण्याचा धोका आहे, आणि तेथे परिस्थितीचीच चिकित्सा केली पाहिजे.

शिक्षकांनी यातून काय घ्यावे? उपचारक होण्याचा आव त्यांनी आणू नये. जीव नकोसा झाल्याचे जे मूल बोलते, त्याच्याजवळ थांबावे, पालकांस विश्वासात घ्यावे आणि तज्ज्ञाकडे न्यावे. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनिसेवा 14416 या क्रमांकावर 2022 पासून उपलब्ध आहे. परंतु रोजच्या वर्गात आज्ञार्थी वाक्य एक पाऊल मागे घेऊन प्रश्नार्थी वाक्य पुढे आणणे प्रत्येकास शक्य आहे. मनाचे श्लोक मुलांकडून अवश्य म्हणवून घ्यावेत. आणि ते म्हणून झाल्यावर, ‘तुझे मन यावर काय उत्तर देते?’ असे विचारून, उत्तर येईपर्यंत थांबावे.