बारक्रॉफ्ट यांचे एक विधान आणि उंचावरची माणसे

एखाद्या शास्त्रज्ञाचे विधान तपासायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे वर्गात शिकवणे अवघड असते. त्यासाठी एक चांगले उदाहरण आहे. १९२५ साली केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी रक्ताच्या श्वसनकार्यावरील आपल्या ग्रंथाचा एक भाग प्रसिद्ध केला. अति उंचीवरून शिकलेले धडे, असा त्या भागाचा विषय होता. त्यात त्यांनी एक विधान केले. त्याचा आशय असा, की अति उंचीवर राहणाऱ्या सर्वच माणसांच्या शारीरिक आणि मानसिक क्षमता उणावलेल्या असतात.

'सर्वच' या शब्दाकडे लक्ष द्यावे. अँडीज पर्वतात, तिबेटच्या पठारावर, आपल्या लडाखमध्ये पिढ्यानपिढ्या राहणारी माणसे या एका शब्दात आली. एका वाक्यात लाखो माणसांना कमी बुद्धीचे ठरवणारे हे विधान कोणत्या पुराव्यावर उभे होते?

बारक्रॉफ्ट यांची बाजू

प्रथम बारक्रॉफ्ट यांच्याशी न्यायाने वागले पाहिजे. ते उथळ माणूस नव्हते. त्या काळी एक मोठा वाद चालू होता. ऑक्सफर्डचे जे. एस. हाल्डेन यांचे म्हणणे होते, की उंचावर गेल्यावर फुप्फुसे हवेतील ऑक्सिजन स्वतःहून रक्तात ढकलतात. बारक्रॉफ्ट यांना ते पटत नव्हते. १९२० साली ते स्वतः एका काचेच्या खोलीत सहा दिवस राहिले. खोलीतील ऑक्सिजन कमी करत नेला होता. अखेरीस स्वतःच्या हाताची धमनी उघडून त्यांनी रक्त तपासू दिले. रक्तातील ऑक्सिजन फुप्फुसातील हवेच्या मानाने जास्त आढळला नाही. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची तयारी असलेला हा संशोधक होता.

पुढे १९२१-२२ मध्ये इंग्रज आणि अमेरिकी शास्त्रज्ञांची एक तुकडी घेऊन ते पेरू देशातील सेरो दे पास्को या खाणीच्या गावी गेले. गावाची उंची सुमारे ४,३०० मीटर. रेल्वेचा एक डबाच त्यांनी प्रयोगशाळा म्हणून सजवला होता. तेथील लोकांच्या रक्ताचे, श्वासाचे, छातीच्या आकाराचे त्यांनी घेतलेले मोजमाप आजही आदराने वाचले जाते. घोटाळा झाला तो मोजमापावरून निष्कर्षाकडे जाताना.

उंचावर काय कमी होते?

पुढे जाण्याआधी पाठ्यपुस्तकी उत्तरांमधील एक चूक दूर करू. 'उंचावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते' असे मुले लिहितात आणि आपण गुण देतो. वास्तविक ऑक्सिजनचे प्रमाण सेरो दे पास्को येथेही सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या ७६० मि.मी. इतका असतो, तर या गावी साधारण ४५८ मि.मी., म्हणजे सुमारे ६० टक्के. हवा विरळ म्हणून प्रत्येक श्वासात येणारा ऑक्सिजन कमी. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. तेथे लागणारा दम चढणीचा असतो. उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे जाणवू लागतो. पुण्याहून दिल्लीमार्गे विमानाने दोन दिवसांत लेहला पोचणाऱ्या पर्यटकाला तो भेटतो, कारण लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे.

हा त्रास पहिल्यांदा कोठे जाणवतो? डोक्यात आणि पोटात. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपले हजारो जवान थोड्या काळात हिमालयात पाठवावे लागले. त्यांपैकी १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. तो आजही जगभर मूलभूत मानला जातो. डोकेदुखी, मळमळ, ओकाऱ्या, भूक मरणे, झोप न लागणे ही त्या आजाराची नेहमीची लक्षणे.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. ऑक्सिजन कमी पडला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्याच वेळी श्वास जलद होतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो, आणि तो कमी झाला की त्याच रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. दोन विरुद्ध आज्ञा एकाच वेळी सुटतात. याचा एक अनपेक्षित परिणाम १९८९ मध्ये हॉर्नबाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसला. अति उंच शिखरांवरून परतलेल्या गिर्यारोहकांत, ज्यांचा श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेला अधिक जोमाने प्रतिसाद देत होता, त्यांच्याच स्मरणशक्तीच्या चाचण्यांत जास्त घट आढळली. जास्त श्वास शरीराला उपयोगी, पण मेंदूला त्याची किंमत मोजावी लागली असावी.

पोटाचे पहिले कारण साधे आहे. बॉइलच्या नियमानुसार दाब कमी झाला की वायूचे आकारमान वाढते. घाटमाथ्यावर वेफर्सचे पाकीट फुगते तसाच आतड्यातील वायूही फुगतो. सेरो दे पास्कोच्या उंचीवर तो दीडपटीहून अधिक जागा मागेल. पण मळमळीचा सगळा दोष पोटाला देता येत नाही. ओकारीची आज्ञा देणारे केंद्र मेंदूत असते. तक्रार पोटाची आणि मूळ डोक्यात, असेही होते.

विधानाची तपासणी

आता बारक्रॉफ्ट यांच्या विधानाकडे परत येऊ. त्यांच्या तुकडीतील माणसे समुद्रसपाटीची. काही दिवसांत चार हजार मीटरवर चढलेली. त्यांना आकडेमोड जड जाऊ लागली, एकाग्रतेसाठी जास्त जोर लावावा लागू लागला. हे अनुभव खरे होते. पण पाहुण्याला जे झाले, तेच घरच्या माणसाला जन्मभर होत असणार, हे कोणी सांगितले?

पेरूच्या सान मार्कोस विद्यापीठातील डॉ. कार्लोस मोंगे मेद्रानो (१८८४-१९७०) यांनी नेमके येथेच बोट ठेवले. त्यांचे उत्तर खोचक होते. बारक्रॉफ्ट यांना स्वतःलाच सौम्य पर्वतविकार झाला होता, आणि तो त्यांना कळला नाही, असे ते म्हणाले. १९२७ साली मोंगे स्वतःची तुकडी घेऊन अँडीजमध्ये गेले. उंचावरचा माणूस खाणीतून जड ओझे वर आणतो, डोंगर चढतो, शेती करतो, मुलेबाळे वाढवतो. त्याला समुद्रकाठच्या माणसाची बिघडलेली प्रत म्हणता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पण टीकाकारालाही तपासावे लागते. अँडीजचा माणूस म्हणजे एक निराळाच शारीरिक नमुना, असे मोंगे बोलू लागले. पेरूच्या स्वाभिमानाला ते हवे होते. गंमत अशी, की आपल्या या मताला छेद देणारा पुरावा खुद्द मोंगे यांनीच आणला होता. १९२५ मध्ये, म्हणजे बारक्रॉफ्ट यांचा ग्रंथ आला त्याच वर्षी, त्यांनी सेरो दे पास्कोच्या एका रुग्णाची नोंद केली. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी अतोनात वाढल्या होत्या. हाच पुढे 'मोंगे यांचा आजार' झाला. डोके दुखणे, कानात आवाज होणे, झोप उडणे ही त्याची लक्षणे आहेत. उंचावर जन्मलेल्यांनाही तो होतो. म्हणजे 'सर्वच उणे' हे जसे चूक, तसेच 'सर्वच जुळलेले' हेही चूक.

येथे पाठ्यपुस्तकातील दुसरे उत्तरही सुधारावे लागते. 'उंचावर तांबड्या पेशी वाढतात, म्हणून माणूस जुळवून घेतो' हे अर्धे सत्य आहे. चार हजार मीटरच्या आसपास राहणाऱ्या अनेक तिबेटी लोकांचे हिमोग्लोबिन समुद्रसपाटीच्या माणसाहून फारसे जास्त नसते, हे सिंथिया बील यांच्या अभ्यासातून पुढे आले. २०१० साली त्यामागील एका जनुकाचा माग लागला. पेशी फार वाढल्या तर रक्त दाट होते आणि ते पुढे ढकलणे कठीण जाते. अँडीजचे आणि तिबेटचे लोक एकाच प्रश्नाला वेगळी उत्तरे देतात.

चेंबर आणि गाव

मग खरे शोधायचे कसे? एक मार्ग म्हणजे बंद चेंबर. १९८५ मध्ये अमेरिकेत 'ऑपरेशन एव्हरेस्ट २' हा प्रयोग झाला. निरोगी तरुणांना ४० दिवस चेंबरमध्ये ठेवून दाब हळूहळू एव्हरेस्टच्या माथ्याइतका उतरवला. थंडी नव्हती, चढण नव्हती, जेवण रुचकर आणि हवे तितके होते. तरीही प्रयोग पूर्ण करणाऱ्या सहा जणांचा आहार दिवसाला सुमारे ३,१०० किलोकॅलरींवरून १,८०० च्या खाली आला, आणि वजन सरासरी सात किलोंहून अधिक घटले. भूक मारायला ऑक्सिजनची कमतरता एकटी पुरेशी आहे, हे येथे स्वच्छ दिसते. पण हे सहा तरुण होते आणि ४० दिवस होते. यावरून आयुष्यभर उंचावर राहणाऱ्या आजीबद्दल किंवा शाळकरी मुलीबद्दल काही सांगता येत नाही.

दुसरा मार्ग गावाचा. तेथे आयुष्यभराचा परिणाम दिसतो, पण कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. चीनमध्ये किंगहाय-तिबेट रेल्वेचे काम चालू असताना, ४,९०५ मीटर उंचीच्या तांगुला भागातील सुमारे १३,५०० कामगारांपैकी ६६ जणांना पचनमार्गात रक्तस्राव झाला. हजारात पाच, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा आकडा नाही. पण दारू आणि ॲस्पिरिन, डेक्सामेथासोन यांसारखी औषधे ही जोखमीची कारणे संशोधकांनीच नोंदवली आहेत. तिबेटी लोकांच्या आतड्यातील जीवाणू सखल भागातील लोकांपेक्षा वेगळे आढळतात. पण त्यांचा आहारही वेगळा, याकचे दूध आणि जवाचे सातू यांचा. हा फरक उंचीचा किती आणि ताटाचा किती? मुलांच्या बौद्धिक चाचण्यांचेही तसेच. काही अभ्यासांत थोडा संथपणा दिसतो, काहींत दिसत नाही, आणि घरची गरिबी, आईवडिलांचे शिक्षण, चाचणीची भाषा हे सगळे त्यात मिसळलेले असते.

शिशाचा प्रश्न

याचे सर्वांत गंभीर उदाहरण बारक्रॉफ्ट यांच्याच गावी आहे. सेरो दे पास्को हे खाणीचे शहर आहे. शहराच्या मध्यभागीच प्रचंड उघडी खाण आहे आणि तिच्या आसपास वस्ती आहे. तेथील मुलांच्या रक्तात शिसे धोक्याच्या पातळीपेक्षा जास्त असल्याचे अनेक तपासण्यांत आढळले आहे. शिसे शरीरात काय करते? पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होते, भूक जाते, डोके दुखते, लक्ष लागत नाही, शिकणे मंदावते. उंचीच्या त्रासाची यादी पुन्हा वाचून पाहा. दोन्ही याद्या कितीतरी जुळतात.

अशा गावातील एखादे मूल वर्गात मागे पडले, त्याचे पोट वारंवार दुखू लागले, तर कारण काय म्हणायचे? 'उंचीच अशी आहे' असे म्हटले की प्रश्न मिटतो. डोंगराला कोणी जबाबदार धरत नाही. कारण शिसे असेल तर मात्र धूळ उडवणाऱ्या खाणीला जबाब द्यावा लागतो, माती साफ करावी लागते, मुलांवर उपचार करावे लागतात. चुकीचे कारण मान्य करण्याची किंमत नेहमी त्या मुलालाच द्यावी लागते.

बारक्रॉफ्ट यांच्या विधानातील दोष म्हणूनच केवळ शास्त्रीय नाही. त्यांनी तीन गोष्टी एकत्र केल्या: नवख्या माणसाला झालेला त्रास, तेथेच राहणाऱ्याची घडण, आणि त्याच्या जगण्याची परिस्थिती. या तिन्ही वेगळ्या न करता काढलेला निष्कर्ष माणसांच्या माथी शिक्का म्हणून बसतो.

वर्गात हा विषय घेताना नवी माहिती पाठ करून घेण्यापेक्षा एक कृती करून पाहावी. फळ्यावर लिहावे: 'त्या पाड्यावरची मुले अभ्यासात मंद असतात.' मग मुलांना विचारावे, हे कोणी मोजले? कोणाशी तुलना केली? चाचणी कोणत्या भाषेत होती? ती मुले सकाळी जेवून आली होती का? त्यांच्या विहिरीच्या पाण्यात काय आहे? आठवी-नववीची मुले दहा मिनिटांत डझनभर प्रश्न काढतील. त्यानंतर बारक्रॉफ्ट यांचे विधान त्यांच्यासमोर ठेवावे. आणि मुले गेल्यावर, शिक्षकांच्या खोलीत आपण स्वतः एखाद्या मुलाविषयी सहज बोलून जातो ते वाक्यही याच प्रश्नांतून एकदा काढून पाहावे.