कानांनी जपलेला सिनेमा

ठाण्यात ‘वंदना’ म्हणजे आज पुण्याच्या बसची जागा. ते एका टॉकीजचं नाव होतं, हे तरुण ठाणेकराला मुद्दाम सांगावं लागतं. डोंबिवली पूर्वेत मधुबन टॉकीजची गल्ली लोकांना ठाऊक आहे, ती खरेदीसाठी.

म्हणून जुन्या चित्रपटांवरचं प्रेम आटलं असं मात्र नाही. गडकरी रंगायतन, सावित्रीबाई फुले नाट्यगृह किंवा कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, कुठेही जुन्या चित्रगीतांचा कार्यक्रम लावा, गर्दी ठरलेली. पहिल्या दोन सुरांवर टाळी पडते. निवेदकाने गीतकाराचं नाव घेण्याआधी तिसऱ्या रांगेतून ते ऐकू येतं, त्यात पी. सावळाराम आले की टाळी जरा जास्तच, कारण ते ठाण्याचे नगराध्यक्षही होते. पण ते गाणं चित्रपटात कुणाच्या तोंडी आहे, कथेत नेमकं कधी येतं, असं विचारलं की हॉल गप्प. इथल्या रसिकांनी जुना सिनेमा कानांनी जपला. डोळ्यांच्या वाट्याला फारसं आलंच नाही.

यात दोष रसिकांचा कमी. गाण्याला तबकडी मिळाली, रेडिओ मिळाला, ऑर्केस्ट्रा मिळाला. अख्ख्या चित्रपटाला आता उरला मोबाइल. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (1936) घ्या. सुरुवातीलाच तुकोबा अभंग गातात. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा शांत, हातवारे जवळजवळ नाहीतच. पाठोपाठ सालोमालो तोच अभंग स्वतःच्या नावावर खपवतो, तोही नाटकी थाटात. भक्ती कुठली आणि देखावा कुठला, हे दिग्दर्शक एका शब्दाच्याही भाष्याशिवाय दाखवून देतात. मुंबईच्या सेंट्रल टॉकीजमध्ये हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. त्याच चित्रपटाची मूळची चौकोनी चौकट रुंद पडद्यात बसवण्यासाठी आडवी ताणली, की पागनीसांचा चेहरा भाकरीसारखा पसरतो. कोपऱ्यात कुणाचा तरी लोगो. फास्ट लोकलमध्ये उभ्याने पाहिलेल्या अशा प्रतीवरून ‘संथ आहे’ असा शेरा मारला जातो, तेव्हा तो चित्रपटाला लागू होतो की प्रतीला?

दूरदर्शनची गत याहून वाईट. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या बैठकीत शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपटाला वाडी लोटायची. एकाने गच्चीवर अँटेना फिरवायची आणि खालून बाकीच्यांनी ‘मुंग्याच येतायत!’ म्हणून ओरडायचं. ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ त्या काळातले. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ आजही घराघरांत आठवले जातात, पण बहुतेकदा आठवणीतच. टेप महाग होती. एक कार्यक्रम पुसून तिच्यावर दुसरा घेणं ही तेव्हाची रीत. बीबीसीनेही ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच घालवले, पण परदेशांत विकलेल्या फिल्मच्या प्रतींमुळे काही परत मिळाले. आपल्या मराठी कार्यक्रमांना असं परदेशी आजोळ नव्हतं.

डोंबिवलीकरांना हा विषय परका असायचं कारण नाही. शं. ना. नवरे डोंबिवलीचेच. त्यांनी लिहिलेला ‘कळत नकळत’ (1989) स्मिता तळवलकरांनी काढला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तळवलकर प्रेक्षकांना आधी ठाऊक झाल्या त्या दूरदर्शनच्या वृत्तनिवेदिका म्हणून. शन्नांच्या कथांवर गावात तासभर बोलणारे भेटतात. हा चित्रपट त्यांच्यापैकी कितीजणांनी पडद्यावर पाहिला असेल, शंकाच आहे.

जुनं पुन्हा पडद्यावर येतं, नाही असं नाही. डिसेंबर 2024 मध्ये राज कपूर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे दहा चित्रपट देशभरच्या मल्टिप्लेक्सांत लागले. ‘घाशीराम कोतवाल’ची (1976) दुरुस्त प्रत 2014 मध्ये दाखवली गेली, पण बर्लिनला! शांतारामांचा ‘पिंजरा’ 2016 मध्ये नव्या प्रतीसह चित्रपटगृहांत आला खरा, पण मराठीत असे अपवादच. बाकीचा कारभार निर्मात्यांच्या वारसांच्या कपाटांत आणि आंबूस वासाच्या डब्यांत अडकलेला.

हक्कांची सबब मात्र प्रत्येक वेळी चालणार नाही. आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी संपतो. ‘संत तुकाराम’ 1997 पासून मोकळा आहे. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा ‘श्यामची आई’ (1953) 2014 पासून. तो काढला आचार्य अत्र्यांनी, आणि कल्याणच्या पालिकेचं रंगमंदिर त्यांच्याच नावाचं आहे. तिथे तो लावायला वारसांची परवानगी लागत नाही. लागेल ती एक धड प्रत, बरा प्रोजेक्टर आणि नाटकांच्या तारखांतून मोकळी मिळालेली एखादी सकाळ.