'असुरन' : सूडाचा चित्रपट आणि आपली किशोरवयीन मुले

विहारातील रविवारच्या धम्मवर्गात वेत्रिमारन यांचा 'असुरन' हा तमिळ चित्रपट दाखवावा काय, असा प्रश्न काही पालकांनी आमच्यापुढे ठेवला. वर्गातील मुले १३ ते १७ वर्षांची आहेत. आपल्या वाट्याला आलेल्या अन्यायाचे इतके प्रत्ययकारी चित्रण मुलांनी पाहिलेच पाहिजे, असे एका पक्षाचे म्हणणे. ज्या वास्तूत पंचशील ग्रहण केले जाते तेथे कोयत्याने माणसे कापली जाताना दाखविणे अनुचित, असे दुसऱ्या पक्षाचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असल्यामुळे या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

पूमणी यांच्या 'वेक्कै' या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट २०१९ साली प्रदर्शित झाला. त्याला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा, तर शिवसामीची भूमिका करणाऱ्या धनुष यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिवसामीच्या तीन एकर जमिनीवर गावच्या जमीनदाराचा डोळा आहे. थोरल्या मुलाच्या सुटकेसाठी हा बाप गावातील माणसांच्या पाया पडत घरोघर फिरतो. पुढे तोच मुलगा मारला जातो. धाकटा चिदंबरम अजून मिसरूडही न फुटलेला. तो जमीनदाराला ठार करतो आणि बापलेक रानात पळतात. मुलाच्या लेखी बाप भित्रा आहे. त्या बापाने तरुणपणी आपली माणसे झोपड्यांसह जळताना पाहिली आणि स्वतःही हत्यार उचलले होते, हे मुलाला व आपल्याला पुढे कळते. म्हणजे बापाचे मौन भीतीचे नसून अनुभवाचे आहे. चित्रपटाचे खरे बळ या उलगड्यात आहे.

सूडकथा म्हटली की ती धम्माला परकी, असा समज असल्यास तो दूर केला पाहिजे. विनयपिटकाच्या महावग्गात, कोसंबकक्खन्धकात, खुद्द तथागतांनी एका किशोराची सूडकथा सांगितली आहे. काशीचा राजा ब्रह्मदत्त कोसलनरेश दीघीतीचे राज्य हिरावून घेतो आणि त्याला राणीसह क्रूरपणे ठार करतो. त्यांचा मुलगा दीघावु वेष पालटून ब्रह्मदत्ताच्याच सेवेत शिरतो. एके दिवशी रानात राजा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपतो. दीघावु तीनदा तलवार उपसतो आणि पित्याचा अखेरचा उपदेश आठवून तीनदा म्यान करतो. कोसंबीच्या कलहमग्न भिक्खूंना ही कथा सांगताना तथागतांनी आईबापांच्या देहाचे तुकडे झाल्याचा तपशील गाळलेला नाही. हिंसेचे दर्शन झाले एवढ्यावरून एखादी कथा त्याज्य ठरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दीघावुच्या क्षमेत लाचारी नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. जागा झालेल्या राजाला तो आपण कोण आहोत हे सांगतो, झालेला अन्याय त्याच्या तोंडावर उच्चारतो. मग दोघे परस्परांना अभय देतात आणि दीघावुला पित्याचे राज्य परत मिळते. एकाने मारले की दुसऱ्याची माणसे मारणार आणि हे चक्र थांबणार नाही, हा त्याचा युक्तिवाद आहे. अन्यायाचा स्पष्ट उच्चार आणि वैराचा त्याग या दोन गोष्टी येथे एकत्र नांदतात. किशोरांसाठी सूडकथेची पारख करताना आम्ही हीच कसोटी लावू : शस्त्र उचलणाऱ्या हाताला काय किंमत मोजावी लागते, हे कथा दाखविते काय?

या कसोटीला 'असुरन' बऱ्याच अंशी उतरतो. चिदंबरमच्या एका घावाने सारे घर उघड्यावर पडते. अखेरीस शिवसामी मुलाच्या हातचे हत्यार सोडवून त्याला शिक्षणाचा मार्ग दाखवितो; जमीन व पैसा हिरावून घेता येतो, विद्या नाही, हे त्याला बजावतो आणि गुन्ह्याचे ओझे स्वतःच्या शिरावर घेऊन न्यायालयाकडे चालू लागतो. बाबासाहेबांच्या अनुयायांना हा शेवट परका वाटणार नाही.

तथापि चित्रपटात एक गंभीर दोष आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची इच्छा आणि हत्येची आवश्यकता यांत भेद केला आहे. रानात मुलावर हल्ला होतो तेव्हा शिवसामी हत्यार उचलतो, ते त्याचा जीव वाचविण्यासाठी. ही आवश्यकता होय. परंतु दिग्दर्शकाने हा प्रसंग संथगती दृश्यांनी आणि गर्जणाऱ्या संगीताने असा सजविला आहे की प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवाव्यात. आवश्यकता येथे इच्छेसारखी रंगविली गेली आहे. रक्तापेक्षा ही लज्जत आम्हाला अधिक चिंतेची वाटते. कारण बापाचे शेवटचे चार शब्द विसरले जातील आणि त्याचा तो आवेश पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात घर करून राहील.

ही चिंता पुस्तकी नाही. चित्रपटातील जळीत पाहताना २५ डिसेंबर १९६८ च्या कीळवेण्मणीची आठवण होते. तेथे ४४ जण जाळले गेले आणि पुढे उच्च न्यायालयात आरोपी जमीनदार सुटले. आपल्याकडे २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. ब्रह्मदत्ताने राज्य परत केले. आजचे ब्रह्मदत्त ते करीत नाहीत, असे आपला मुलगा म्हणाला तर त्याला गप्प बसविणे हे उत्तर नव्हे. त्याचा संताप न्याय्य आहे. त्या संतापाला विद्या, संघटन आणि संविधान यांची वाट दाखविणे हे आपले काम आहे आणि ते कोणताही चित्रपट आपल्यासाठी करणार नाही.

चलच्चित्र कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग केले आहेत. वयाची ही पायरी उपयुक्त आहे; तरी कोणासोबत पाहावे, हे प्रमाणपत्र सांगत नाही. आमचे मत असे : पंधरा वर्षांखालील मुलांना हा चित्रपट दाखवू नये. त्यावरील मुलामुलींना वडीलधाऱ्यांसह अवश्य दाखवावा. आदल्या रविवारी दीघावुची कथा सांगावी आणि चित्रपट संपल्यावर दिवे लावून एकच प्रश्न विचारावा : शिट्टी वाजवावीशी वाटली ती कोणत्या क्षणी, आणि का? त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणारा मुलगा स्वतःच्या चित्ताकडे पाहू लागला, असे समजावे.